अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत डीजे कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडून गाणी वाजवायच्या, चाके आणि फेडर असलेल्या यंत्रावर) आलेला लेख वाचला. ज्या नवशिक्यांना कंट्रोलरवर स्क्रॅच, म्हणजे तबकडी हाताने मागेपुढे घासून काढायचा आवाज, जमत नाही त्यांना लेखकाने 'नाचता येईना अंगण वाकडे' असे सुनावले आहे आणि पुढच्याच परिच्छेदात मोटर असलेला महागडा कंट्रोलर घ्यायला सांगितले आहे. दोष हाताचा असेल तर नवे यंत्र कशाला, आणि दोष यंत्राचा असेल तर ही म्हण कशाला? वस्तुस्थिती अशी की इथे अंगण पुष्कळदा खरोखरच वाकडे असते. ते सरळ करायला सहसा काही विकत घ्यावे लागत नाही, सेटिंगची पाच-सहा पाने उघडावी लागतात. त्यातच लेखासोबतच्या चौकटीत 'आवाज स्वच्छ यावा म्हणून बफर १०२४ वर ठेवावा' असा सल्ला आहे. नुसती गाणी एकामागून एक वाजवणाऱ्याला तो चालेल. स्क्रॅच शिकणाऱ्याचा मात्र त्याने घातच होतो.

बफर म्हणजे काय ते आधी पाहू. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने बाहेर सोडत नाही. भांडे भरले की एकदम ओततो. त्या भांड्याचा आकार म्हणजे बफर, आणि तो सॅम्पलमध्ये मोजतात. (हे सॅम्पल म्हणजे आवाजाच्या मोजणीचा सूक्ष्म तुकडा. स्क्रॅचसाठी वापरतात त्या 'आह' किंवा 'फ्रेश' या आवाजांनाही सॅम्पलच म्हणतात. नावांचा हा घोळ जुना आहे.) सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या नेहमीच्या दराने १०२४ चे भांडे भरायला २३.२ मिलिसेकंद लागतात, ५१२ ला ११.६, २५६ ला ५.८ आणि १२८ ला २.९. यूएसबीवरून येणारा संदेश, ड्रायव्हरने स्वतःसाठी राखलेली जागा आणि डिजिटलचा ॲनालॉग आवाज होण्याचा वेळ यांची भर वेगळीच. त्यामुळे प्रत्यक्षातला उशीर, म्हणजे लेटन्सी, पडद्यावरच्या आकड्यापेक्षा नेहमी जास्त असते.

तेवीस मिलिसेकंदांनी असे काय बिघडते? मिनिटाला १०० ठोक्यांची लय धरा. एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, त्याचा पाव भाग १५० चा. स्क्रॅचच्या क्रॅब या प्रकारात त्या पाव ठोक्यात चार बोटे फेडरवरून (आवाज उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सरकत्या दांडीवरून) ओळीने निसटतात, म्हणजे एकेका टिचकीच्या वाट्याला जेमतेम ३७ मिलिसेकंद येतात. आवाजच पंचवीस-तीस मिलिसेकंद मागे असेल तर कान ऐकतो ती टिचकी आणि बोट मारते ती टिचकी यांची गाठ पडत नाही. मग हात नकळत घाई करतो, आणि शिकवणारा म्हणतो, 'लय सांभाळ.'

यात एक बारकावा आहे. ज्या कंट्रोलरमध्ये मिक्सिंग सॉफ्टवेअरच्या आत होते, तिथे तबकडी आणि क्रॉसफेडर (दोन गाण्यांमध्ये आडवा सरकणारा फेडर) दोघेही सारखेच उशिरा ऐकू येतात. स्क्रॅच अखंड राहतो, फक्त हातापेक्षा मागे पडतो. ज्यात खरा हार्डवेअर मिक्सर असतो, तिथे फेडर तत्काळ काम करतो आणि तबकडीचा आवाज मात्र बफरमधून फिरून येतो. मग फेडर भलत्याच जागी आवाज कापतो. चर्पचा (तबकडी ढकलता-ढकलता फेडर मिटायच्या स्क्रॅचचा) शेवटचा 'चिप्' तुटका येतो किंवा त्याला शेपूट राहते. म्हणजे मिक्सर जितका चांगला तितका मोठ्या बफरचा दोष उघडा पडतो. महागडे यंत्र घेऊन बफर १०२४ वर ठेवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बफर खाली आणायची रीत साधी आहे. विंडोजवर प्रथम कंट्रोलरच्या उत्पादकाचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) टाकावा आणि सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट म्हणून तोच निवडावा. लॅपटॉपचे स्वतःचे साउंड कार्ड निवडलेले राहिले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असल्याने बहुतेकदा वेगळे काही टाकावे लागत नाही. मग आपले डीजे सॉफ्टवेअर कोणते त्यानुसार सेराटोच्या सेटअपमधल्या ऑडिओ पानावर, रेकॉर्डबॉक्सच्या प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओत, ट्रॅक्टरच्या ऑडिओ सेटअपमध्ये किंवा मिक्सच्या (Mixxx) साउंड हार्डवेअर पानावर जावे. ५१२ पासून सुरुवात करून २५६, मग १२८ असे उतरावे. प्रत्येक पायरीवर दोन्ही डेक (गाणे वाजवणाऱ्या बाजू) चालू, इफेक्ट चालू, गाण्यांची यादी वरखाली सरकवत किमान दहा मिनिटे वाजवावे. चरचर किंवा टिकटिक ऐकू आली की एक पायरी वर यावे. मिक्समध्ये बफर किती वेळा रिकामा पडला याची गणती पडद्यावरच दिसते. ती शून्यावर थांबलेली असली पाहिजे. १२८ वर सुखाने चालत असेल तर ६४ च्या मागे लागू नये. दीड मिलिसेकंद वाचतो आणि ऐन कार्यक्रमात आवाज फाटण्याची जोखीम वाढते.

२५६ वरसुद्धा चरचर होत असेल तर कंट्रोलरला दोष देण्याआधी लॅपटॉप पाहावा. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आपोआप खाली आणतो, म्हणून चार्जर लावून पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवावा. यूएसबी पोर्टला मधूनच झोपवणारे 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे. स्वतःची वीज नसलेला यूएसबी हब मध्ये नको, केबल थेट पोर्टमध्ये हवी. वायफायचा ड्रायव्हर हा नेहमीचा संशयित. तो बंद करताच चरचर थांबली तर गुन्हेगार सापडला. लेटन्सीमॉन हे छोटे सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते नावानिशी दाखवते. गाण्यातून गायन आणि वाद्ये वेगळी करणारी स्टेम्सची सोय प्रोसेसरवर फार भार टाकते, त्यामुळे सरावाच्या वेळी ती बंदच बरी.

कॉम्प्युटरमधून निघालेल्या आवाजाला बाहेरही उशीर होतो, आणि हे फार थोडे लोक लक्षात घेतात. ब्लूटूथ स्पीकर सहज १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ खातो, त्याच्यावर स्क्रॅच करणे अशक्य आहे. टीव्हीखालचे साउंडबारही आत प्रक्रिया करून मगच आवाज सोडतात. हवासुद्धा फुकट काम करत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे साडेतीन मीटरवरचा स्पीकर दहा मिलिसेकंदांची भर घालतो. बफर कमी करून मिळवलेले सगळे तिथे परत जाते. सराव तारेच्या हेडफोनवर किंवा हाताच्या अंतरावरच्या स्पीकरवर करावा.

एकूण उशीर मोजताही येतो. तीक्ष्ण सुरुवातीचा आवाज, समजा ड्रमचा एक ठोका, हॉट क्यूवर (पॅड म्हणजे बटण दाबताच आवाज जिथून सुरू होतो त्या खुणेवर) ठेवा. क्वांटाइझ (क्यू ठोक्याशी जुळवणारी सोय) बंद करा. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो पॅडशेजारी ठेवा, हेडफोनचा एक कप त्याच्या माइकजवळ धरा आणि पॅडवर नखाने टिचकी मारा. रेकॉर्डिंग कोणत्याही ऑडिओ एडिटरमध्ये उघडले की दोन टोके दिसतात, आधी नखाचा आवाज आणि मग ड्रमचा. त्यांच्यातले अंतर म्हणजे आपला खरा उशीर. दहा वेळा मोजून मधला आकडा घ्यावा. तो १५ च्या आत असेल तर तक्रारीला जागा नाही, आणि ३० च्या पुढे असेल तर हाताला बोल लावू नये.

आता क्रॉसफेडर. बहुतेक कंट्रोलर डब्यातून निघतात तेव्हा त्याचा कर्व्ह, म्हणजे फेडर सरकताना आवाज वाढण्याची चढण, सौम्य असतो. एक गाणे हळूहळू मावळून दुसरे उगवावे, यासाठी तो योग्य. स्क्रॅचला नेमके उलटे हवे. फेडर टोकापासून जरासा हलताच आवाज पूर्ण उघडला पाहिजे. काही यंत्रांवर समोरच्या बाजूला यासाठी बटण किंवा खुंटी असते. नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये पाहावे. ट्रॅक्टरच्या मिक्सर पानावर 'स्मूद' ते 'शार्प' अशी पट्टी आहे, ती शार्पच्या टोकाला न्यावी. व्हर्च्युअल डीजेत कर्व्हच्या पर्यायांतच 'स्क्रॅच' आहे. मिक्समध्ये हळू मावळण्यापासून झटपट कापण्यापर्यंत जाणारी पट्टी आहे. चॅनेलचे उभे फेडर वापरून कापणाऱ्यांनी त्यांचाही कर्व्ह तीक्ष्ण करावा, तो वेगळा असतो.

कर्व्ह तीक्ष्ण केला तरी टोकाला थोडी मुकी जागा उरते. तिला कट लॅग म्हणतात. मोजायची असेल तर खाचेच्या कडेने कागदी चिकटपट्टी लावावी आणि डेकवर एकसुरी आवाज चालू ठेवावा. फेडरची टोपी काढून दांडी बंद टोकाला टेकवावी व पेन्सिलीने खूण करावी. मग दांडी केसागणिक सरकवत आवाज जिथे पूर्ण उघडतो तिथे दुसरी खूण करावी. दोन खुणांमधले अंतर दोन बँककार्डे एकावर एक ठेवल्यावर होते तेवढे, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास हवे. एका कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, त्यामुळे माप हाताशीच आहे. चार-पाच मिलिमीटर निघाले तर क्रॅब कधीच सुटा वाजणार नाही. बोटांचा प्रवास मुक्या जागेतच संपतो. अनेक कंट्रोलरांत कट लॅग बदलता येतो, सॉफ्टवेअरमधून किंवा ठरावीक बटणे दाबून यंत्र चालू केल्यावर उघडणाऱ्या युटिलिटी मोडमधून. ती बटणे कोणती हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत असते.

पण अगदी शून्यही नको. फ्लेअर या स्क्रॅच प्रकारात फेडर आधी उघडा असतो. तो बंद टोकावर आपटून लगेच परततो आणि त्या क्षणभराच्या शांततेने आवाजाचे तुकडे पडतात. मुकी जागा उरलीच नाही तर आपटलेला फेडर शांतता होण्याआधीच उसळून उघडतो आणि तुकड्याऐवजी नुसती थरथर ऐकू येते. ट्रान्सफॉर्मर (फेडर उघडमीट करून लांब आवाजाचे तुकडे पाडायचा प्रकार) आणि क्रॅबला लहान कट लॅग आवडतो, फ्लेअरला थोडी उसंत लागते. मध्यममार्ग प्रत्येकाच्या बोटावर अवलंबून आहे. ज्यांना फ्लेअर उलट्या दिशेने सोपा जातो त्यांनी क्रॉसफेडर रिव्हर्स करावा. या मांडणीला हॅमस्टर म्हणतात.

फेडर पूर्ण बंद असूनही मागे पुसट आवाज येतो, याची कारणे दोन. एक, फेडरची टोके यंत्राला नीट कळलेली नाहीत. कॅलिब्रेशनची सोय असेल तर फेडर दोन्ही टोकांना नेऊन ते करून घ्यावे. दुसरे, कार्बनच्या पट्टीवर चालणारा फेडर झिजला किंवा मळला आहे. त्यावर फेडरसाठीचेच, वंगण असलेले क्लीनर वापरावे. साधे कॉन्टॅक्ट क्लीनर मळासोबत वंगणही धुऊन नेते आणि फेडर दोन दिवसांत आधीपेक्षा खरखरीत होतो. चुंबकावर चालणाऱ्या, संपर्करहित फेडरमध्ये ही कटकट जवळजवळ नाही. पैसे खर्चायचेच असतील तर ते मोटरच्या तबकडीआधी इथे खर्चावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात यंत्रात फेडर बदलण्याची सोय असली तर.

जॉग व्हीलबाबत (कंट्रोलरवरच्या, तबकडीची जागा घेणाऱ्या चाकाबाबत) पहिली तपासणी अगदी बाळबोध आहे. व्हिनाइल मोड चालू आहे का? तो बंद असेल तर चाकाचा माथा फिरवला तरी गाणे फक्त किंचित पुढेमागे ढकलले जाते, स्क्रॅच होतच नाही. यानंतर प्रमाण. खरी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. डेक थांबवून चाकाच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा, पडद्यावरची वेळ पाहा आणि बरोबर एक फेरा फिरवा. वेळ १.८ सेकंदच पुढे सरकली पाहिजे. ४५ चे सेटिंग असेल तर १.३३. आकडा याहून वेगळा आला तर मॅपिंग (कंट्रोलरच्या हालचालींचा सॉफ्टवेअरशी लावलेला मेळ) किंवा सेन्सिटिव्हिटी चुकली आहे. मिक्समध्ये मॅपिंगच्या फाइलमधल्या स्क्रॅच-एनेबल या ओळीत डेकच्या क्रमांकानंतर चाक एका फेऱ्यात पाठवते त्या खुणांची संख्या, ३३⅓ हा वेग आणि हालचाल गुळगुळीत करणारे अल्फा, बीटा असे चार आकडे असतात. खुणांची संख्या खऱ्यापेक्षा कमी लिहिली तर आवाज हातापेक्षा जास्त धावतो, जास्त लिहिली तर रेंगाळतो. अल्फा १/८ आणि बीटा अल्फाच्या १/३२ ही रुळलेली सुरुवात आहे.

प्रमाण बरोबर असूनही लहान चाक वेगळे का वाटते? तीस सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीच्या कडेवर हात एक सेंटिमीटर सरकला तर आवाज १९ मिलिसेकंद सरकतो. पंधरा सेंटिमीटरच्या चाकावर तेवढ्याच हालचालीत ३८. म्हणजे मोठ्या तबकडीवर बसलेला हात लहान चाकावर दुप्पट आवाज खातो आणि सगळे स्क्रॅच किंचाळल्यासारखे होतात. यावर उपाय हालचाल निम्मी करणे, किंवा सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवणे. दुसरा उपाय निवडला तर चाकावरची खूण आणि आवाजातली जागा यांचे नाते तुटते, म्हणून तो मी नवशिक्यांना सुचवणार नाही.

चाकाचा माथा बहुधा त्वचेच्या विद्युत्-स्पर्शाने चालतो. नखाचा स्पर्श त्याला कळत नाही, फार कोरड्या बोटांचा अर्धवट कळतो. आवाज मधूनच सुटत असेल, किंवा हात न लावताही तबकडी अडकल्यासारखी थांबत असेल, तर अर्थिंगकडे संशयाने पाहावे. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर काढून पाहा. फरक पडला तर अर्थ पिन असलेला चार्जर लावा. काही यंत्रांच्या युटिलिटी मोडमध्ये स्पर्शाची संवेदनाही कमी-जास्त करता येते. मोटरच्या तबकड्यांवर यातले काही नाही. तिथे टॉर्क (मोटरचा जोर) आणि स्लिपमॅट (तबकडीखालची घसरती चकती) पाहावी, आणि घर्षण जास्त वाटले तर मॅटखाली पातळ गुळगुळीत कागद घालावा.

हात सोडल्यावर गाणे हळूहळू वेग घेत असेल तर ब्रेक आणि स्टार्टच्या वेळा शून्याजवळ आणाव्यात.

स्क्रॅचच्या डेकवर सिंक बंद, क्वांटाइझ बंद, की-लॉक (वेग बदलला तरी सूर न बदलू देणारी सोय) बंद. सिंक चालू असेल तर हात सोडताच डेक दुसऱ्या गाण्याच्या मागे धावतो. क्वांटाइझमुळे हॉट क्यू दाबला तरी आवाज पुढच्या ठोक्यापर्यंत थांबतो, आणि माणूस तो उशीर बफरच्या नावावर लिहितो. की-लॉक आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतो, त्यामुळे दिशा झटकन बदलली की आवाज पाण्यातून आल्यासारखा डचमळतो. काही सॉफ्टवेअर स्क्रॅचच्या वेळी तो आपोआप बंद करतात, पण संथ ओढीत तो परत जागा होतो आणि एकाच टेअरमध्ये (ओढ मध्येच थांबवून तोडायच्या स्क्रॅचमध्ये) आवाजाचा पोत दोनदा बदलतो.

स्क्रॅचसाठीचा आवाज डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये असावा. कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुधा छाटलेला असतो. सरळ वाजवताना ते जाणवत नाही, पण निम्म्या वेगाने ओढला की तीच छाटणी ८ किलोहर्ट्झवर येते आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. वेव्हफॉर्म जास्तीत जास्त मोठा करून हॉट क्यू आवाजाच्या पहिल्या उंचवट्याच्या पायथ्याशी ठेवावा. 'फ्रेश'मधला 'फ' नुसता श्वास असतो, तो नजरेतून सुटतो आणि क्यू 'रे'वर बसतो. मग चर्पला धार येत नाही. एकच आवाज दर १.८ सेकंदांनी पुन्हा येईल अशी फाइल करून ठेवली तर चाकावरची खूण प्रत्येक फेऱ्यात त्याच अक्षरावर येते. सुई उडाली तरी त्याच आवाजावर पडावी म्हणून स्क्रॅचच्या रेकॉर्डवर हीच युक्ती वापरतात.

इतक्या सेटिंगांत आधी कुठे हात घालावा हे स्क्रॅचच सांगतो. फेडर न वापरता बेबी स्क्रॅच करा, म्हणजे तबकडी नुसती मागेपुढे हलवा. तो हातामागे येत असेल तर बफर, चिरकत असेल तर जॉगचे प्रमाण, डचमळत असेल तर की-लॉक. बेबी स्वच्छ आणि चर्प अस्वच्छ असेल तर कर्व्ह किंवा क्यूची जागा. ट्रान्सफॉर्मरच्या दोन तुकड्यांमध्ये आवाज झिरपत असेल तर फेडरची टोके. फ्लेअर एकटाच बिघडत असेल तर कट लॅग वाढवून पाहा. एका वेळी एकच सेटिंग बदलावे. दोन बदलली तर गुण कशाने आला ते कळत नाही. फर्मवेअर किंवा सॉफ्टवेअर नवे टाकल्यावर यातली काही सेटिंगे मूळपदावर जाऊ शकतात, तेव्हा जमलेल्या प्रत्येक पानाचा फोटो आधीच काढून ठेवावा.

संपादक महोदय, चौकटीतली ती ओळ पुढच्या पुरवणीत अशी दुरुस्त करून छापावी, ही विनंती: 'स्क्रॅचसाठी बफर चरचर न होता चालेल तेवढा लहान ठेवावा. ५१२ पासून सुरुवात करून २५६, मग १२८ असे उतरावे.'

आपला,
एक वाचक